रंग सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : काकांची 1980च्या दशकातली इलेक्ट्रिक गिटार मानेवाड्याच्या घरी माळ्यावर सापडली. काळा रंग कडांना उडालाय, तारा गंजल्यात, अ‍ॅम्पला जोडली की खरखर होते आणि वाजवताना तारा फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (लांब दांड्यावरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासतात. हेडवरचं कंपनीचं नाव पुसून गेलंय. मे महिन्याची सुट्टी आहे, तेवढ्यात काळा रंग पूर्ण काढून खालचं लाकूड दिसेल असं पॉलिश तुम्हाला करायचंय. त्यानं आवाजही मोकळा होतो, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे आणि मागच्या बाजूला त्यांनी आपली आद्याक्षरं कोरून ठेवलीत, हेही तुम्ही लिहिलंय. ते मी दोनदा वाचलं.

नागपुरात मी वीसेक वर्षं गिटार दुरुस्त करतोय, त्या अनुभवावर सांगतो : मे महिन्यात रंगाला हात लावू नका. आधी गिटार वाजती करा, दोन-तीन महिने वाजवा, मग रंगाचं ठरवा. उलट क्रमानं केलं तर काय होतं ते मी पाहिलंय. सुरुवातीच्या दिवसांत एका मित्राच्या गिटारीचा रंग मी आठ दिवस घासून काढला. खाली प्लायवूड निघालं, त्यातही दोन जागी लांबी (पुट्टी) भरलेली. मग तारा चढवल्या तेव्हा कळलं, की ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या लोखंडी सळईचा) नटच फिरत नाही आणि नेक धनुष्यासारखी वाकलीय. ती गिटार पुन्हा कधी नीट वाजली नाही, आणि तिचा मूळ रंगही गेला. आधी नेक तपासली असती तर दोन्ही वाचलं असतं.

आवाजाचं आधी सांगून टाकतो. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारीत आवाज घडतो तो तारेची थरथर आणि पिकअप यांच्यात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. बॉडीवरच्या रंगाच्या थराचा यात कानाला कळेल इतका वाटा नसतो. नवा नट (नेकच्या टोकाची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी), नीट बसवलेला ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), स्वच्छ पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा फिरता भाग) आणि ताज्या तारा यांनी आवाज जितका बदलतो, त्याच्या जवळपासही रंग काढल्यानं बदलत नाही. रंग बदलायचा तर डोळ्यांसाठी बदला, ते कारणही पुरेसं आहे.

पहिलं काम विजेचं, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. गिटारीच्या तारा ब्रिजला टेकतात, ब्रिजखालून एक वायर पॉटच्या पाठीला जाते, तिथून जॅकला (केबल घालायच्या भोकाला), आणि केबलच्या जाळीतून थेट अ‍ॅम्पच्या लोखंडी सांगाड्याला. म्हणजे वाजवताना तुमची बोटं अ‍ॅम्पच्या सांगाड्यालाच लागलेली असतात. अ‍ॅम्पला चांगलं अर्थिंग असेल तर यानंच गुंई कमी होते. पण काकांचा त्या काळातला दोन पिनांचा अ‍ॅम्प असेल आणि आत बिघाड असेल, तर मेनचा करंट तारांवर येतो. तो अ‍ॅम्प कारागिराकडून तपासून तीन पिनांची कॉर्ड बसवल्याशिवाय जोडू नका. घरच्या अर्थिंगचंही बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी कोरडी होते, की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. जुने इलेक्ट्रिशियन त्यात उन्हाळ्यात पाणी ओतायला सांगतात, ते अगदी बरोबर आहे.

आता खरखर. मागचं झाकण किंवा पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पट्टी) उघडा आणि काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढा. कोणती वायर कुठे होती, हे दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. मल्टिमीटर असेल तर गिटारीला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकावर रेझिस्टन्स मोजा. सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा) पिकअप साधारण 5 ते 8 किलोओहम दाखवतो, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) 7 पासून 15 पर्यंत. शेकडो किलोओहमचा आकडा आला तर पिकअपची वायर कुठेतरी तुटलीय. काहीच आलं नाही तर बहुधा जॅकपाशी डाग (सोल्डरिंग) सुटलाय. जॅकचा डाग सुटणं ही सगळ्यात सामान्य तक्रार, आणि पाच मिनिटांचं काम. पॉट खरखरत असेल तर बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आणा, पॉटच्या फटीत एक फवारा मारा आणि दांडा तीस-चाळीस वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. दाराच्या बिजागरीला मारतात तो तेलकट स्प्रे इथे नको, तो धूळ धरून ठेवतो. एवढ्यानं गेलं नाही तर पॉट बदला. सिंगल कॉइलला 250 किलोओहमचा आणि हंबकरला 500चा लागतो. दुकानात 220 आणि 470 सहज मिळतात, तेही चालतात. व्हॉल्यूमसाठी लॉग प्रकारचा मागा, त्यावर ए अक्षर असतं. बी म्हणजे लिनियर, त्यात आवाज एकदम चढल्यासारखा वाटतो. जुना पिकअप चालू असेल तर तो बदलायची घाई करू नका. त्या काळच्या पिकअपचा आवाज आजच्या स्वस्त पिकअपपेक्षा पुष्कळदा गोड असतो.

एक सूचना पाळाच. जवळपास लोखंडाचा कीस किंवा स्टील वूल असेल तर पिकअपवर आधी चिकटपट्टी लावा. चुंबक तो कीस ओढून घेतो, आणि एकदा आत गेला की निघत नाही.

नेककडे येऊ. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नव्वद टक्के जुन्या गिटारी रंगामुळे नाही, नेकमुळे माळ्यावर गेलेल्या असतात. सहा तारांचा साधा 10चा (सगळ्यात बारीक तार 0.010 इंच) संच सुरात ताणला, की नेकवर मिळून 45 किलोच्या आसपास ओढ येते. म्हणजे जवळजवळ सिमेंटच्या एका पोत्याइतकी. नेकच्या आतला लोखंडी ट्रस रॉड त्या ओढीला उलटा ताण देतो. काकांनी गिटार ठेवली तेव्हा तारा सैल केल्या नसतील, तर ही ओढ इतकी वर्षं चालू आहे. त्यात स्लॅबखालचा माळा, म्हणजे दर मे महिन्यात भट्टी.

नव्या तारा चढवा, सुरात ताणा आणि एक दिवस तशीच ठेवा. मग सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि बॉडी जिथे नेकला मिळते त्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते बघा. जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे 0.2 ते 0.3 मिमी फट हवी. जास्त असेल तर नेक पुढे वाकलीय, रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं घट्ट करायचा. फट अजिबात नसेल तर उलट दिशेनं सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि पुन्हा एक दिवस थांबा. आशियात बनलेल्या गिटारींना बहुतेक 4 किंवा 5 मिमीची अ‍ॅलन की लागते, जुन्या अमेरिकन मापाच्या गिटारींना इंचाची. की नटात सैल बसत असेल तर जोर लावू नका, नटाचे कोपरे गोल होतात आणि मग ती नेक कायमची हातातून जाते. पाव फेऱ्याला नट हललाच नाही तर तिथेच थांबा आणि अनुभवी माणसाकडे न्या.

फ्रेटबोर्डवरून बोट कडेनं फिरवलं तर फ्रेटची टोकं करवतीसारखी टोचतात का ते बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी हवेतला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली जातो आणि पावसाळ्यात 80 टक्क्यांच्या वर चढतो. लाकूड रुंदीत आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं बाहेर येतात. लगेच कानस चालवू नका. दीड-दोन आठवडे गिटार केसमध्ये ठेवा, सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून पिळलेला स्पंज. टोकं पुष्कळशी आपोआप आत जातात. जी उरतील तेवढीच बारीक कानशीनं, बोर्डाला टेप लावून, हलक्या हातानं गोल करा. फ्रेटबोर्ड गडद आणि कोरडा, म्हणजे शिसमासारखा असेल, तर मिनरल ऑइलचे चार थेंब फडक्यावर घेऊन पुसा. खोबरेल किंवा मोहरीचं तेल नको, ते काही महिन्यांत खवट होऊन चिकटतं. पिवळट, चकचकीत मेपलच्या बोर्डावर लॅकर असतो, त्याला तेलाची गरज नाही.

गंजलेले स्क्रू रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा. न निघणाऱ्या स्क्रूच्या डोक्याला सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक मिनिटभर टेकवा आणि थंड झाल्यावर फिरवा, बहुतेक सुटतो. भोक सैल झालं असेल तर बांबूची काडी फेव्हिकॉल लावून आत ठोका, वाळू द्या, कापा आणि नव्यानं बारीक भोक पाडा.

एवढं मेमध्ये घरात बसून होतं. आता रंगाचं, आणि तो मेमध्ये का नाही ते.

फवारलेला लॅकर पृष्ठभागावर ओला पोचला पाहिजे आणि मग पसरून सपाट झाला पाहिजे. 44-45 अंशांत थिनर हवेतच उडून जातो, लॅकर अर्धा सुकलेल्या भुकटीसारखा बसतो आणि हाताला खरखरीत लागतो. मग आपण खोलीत कूलर लावतो, आणि खरा घात तिथेच होतो. कूलर म्हणजे ओली हवा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्या थंड पृष्ठभागावर कूलरच्या हवेतलं पाणी साचतं आणि लॅकर दुधासारखा पांढरा पडतो. पावसाळ्यात हेच कूलरशिवाय होतं. नागपुरातल्या महाल भागात फर्निचरला हातानं पॉलिश करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी पहिल्यांदा बोळा धरायला शिकलो. ते म्हणायचे, "दसऱ्याआधी हात नका लावू भाऊ, पॉलिश रडते." कोजागिरीपासून होळीपर्यंत आपल्याकडे हे काम करायला सोन्यासारखे दिवस असतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी थंडी जास्त असते, म्हणून दहानंतर सुरू करा आणि ऊन उतरायच्या आत हात धुवा.

तोवर एवढं तपासून ठेवा. पिकअपच्या खोबणीत टॉर्च मारा. कापलेल्या कडेवर आडवे थर दिसले तर बॉडी प्लायवूडची आहे, आणि त्यावर लाकडी पॉलिशचं स्वप्न सोडून द्यावं लागेल. त्या काळच्या कितीतरी गिटारी अशाच होत्या, आणि त्यांना काळा रंग दिला जायचा तो यासाठीच. तिथे पुन्हा भरीव रंगच शोभतो. भरीव लाकूड असेल तर पुढची परीक्षा रंगाची. नेक ज्या खाचेत बसते, तिथल्या लपलेल्या जागी कापसावर स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट धरा. रंग चिकट झाला तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं विरघळला तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. 1950च्या दशकात अमेरिकेत या गिटारी बनू लागल्या तेव्हा मोटारींचाच नायट्रोसेल्युलोज रंग त्यांना दिला जाई. पुढे 1960च्या दशकाच्या अखेरीपासून कारखाने जाड पॉलिएस्टरकडे वळले. तुमची गिटार 80च्या दशकातली आहे, ती बहुधा पॉलिएस्टरची निघेल. तो थर कधीकधी मिलिमीटरभर जाड असतो, आणि घासकागदानं काढायला गेलात तर बॉडीचा आकार बिघडतो पण रंग जात नाही. तो हीट गननं काढायचा. थोडी जागा तापवायची, फुगा आला की बोथट कोपऱ्यांची पत्री खाली सरकवायची. एका जागी गन थांबवली तर लाकूड जळतं.

हे उघड्यावर करा, मास्क लावून, घरात लहान मूल असेल तर त्याच्यापासून लांब. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. त्याआधीच्या कुठल्याही रंगात शिसं असू शकतं, असंच धरून चाला. भुकटी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

रंग काढल्यावर 120, 180, 240, 320 असे कागद क्रमानं, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, रेषांच्या दिशेनं. नेकच्या खाचेत मात्र घासू नका आणि रंगही चढू देऊ नका. तिथे अर्धा मिलिमीटर कमी-जास्त झाला तरी नेकचा कोन बदलतो.

घरी करण्यासारखं पॉलिश विचाराल तर मी लाखेचंच सांगेन, आणि त्यात माझा जीवही आहे. गोंदिया-बालाघाटकडच्या पळसावर पोसलेल्या किड्यांची लाख, तिचा चपडा (पातळ पापुद्रे), आणि स्पिरिट. एवढ्यात काम होतं. बोळ्यानं लावताना विषारी फवारा नाही, कॉम्प्रेसर नाही. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये साधारण 100 ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत दोन दिवस भिजवा. तळाशी गढूळ मेण बसतं, ते हलवू नका, वरचं नितळ ओतून घ्या. मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करा, त्यावर तेलाचा एक थेंब, आणि हात न थांबवता फिरवत राहा. बोळा जिथे थांबतो तिथे चिकटतो आणि ओरखडा राहतो. दिवसाला दोन-तीन पातळ हात, मध्ये 400चा कागद हलका. पंधरा-वीस हातांनंतर लाकूड आतून उजळल्यासारखं दिसू लागतं. ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा काम सोडवत नाही.

त्याची उणीवही सांगतो. लाख घामानं आणि पाण्यानं पांढुरकी होते आणि 70 अंशांच्या आसपास मऊ पडते. स्टेजवर घामाघूम होऊन वाजवणार असाल, किंवा गिटार उन्हात उभ्या गाडीत राहणार असेल, तर वर नायट्रोसेल्युलोजचा लॅकर द्यावा लागेल. तो फवारलात तर निम्मं थिनर, दिवसाला तीन पातळ हात, एकूण आठ-दहा. मग किमान तीन आठवडे टांगून ठेवा. त्यानंतर वॉटर पेपर 1000, 1500, 2000 आणि शेवटी रबिंग कंपाउंड. हे तीन आठवडे कुणाला धीर निघत नाही, आणि घाईत घासलेला लॅकर महिन्यानंतर लाकडाच्या रेषांत बसून पुन्हा खडबडीत होतो. टांगण्यासाठी नेकच्या स्क्रूंच्या भोकांतून एक पट्टी बॉडीला जखडा, ती हातात धरूनच फवारा. लॅकरच्या जवळपास गॅस, उदबत्ती, चालू स्विच काही नको.

मोटारींचा टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून फवारायचा पारदर्शक थर) मात्र घरी फवारू नका. त्यातल्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दम्याचा कायमचा आजार लागू शकतो आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. तो हवा असेल तर बॉडी तयार करून एखाद्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या बूथमध्ये द्या, खाच आणि खोबण्या टेपनं बंद करून, आणि थर पातळ ठेवायला स्वतः उभं राहून सांगा. त्यांचा हात बॉनेटचा असतो, तेवढी जाडी गिटारीला सोसत नाही.

आणि ती आद्याक्षरं. रंग काढलात तर ती जातात, कारण तुम्ही लिहिल्याप्रमाणे ती रंगाच्या थरातच कोरलेली आहेत. काळ्या बॉडीच्या कडेला रंग उडालाय ती जागा बघा. ती मनगट घासतं तिथेच असेल. ते तुमच्या काकांच्या हातानं झालंय, शेकडो रात्रींमध्ये. माझं मत विचाराल तर मी ही गिटार साबणाच्या किंचित ओल्या फडक्यानं पुसेन, रबिंग कंपाउंडनं चमक आणेन, उडालेल्या कडांवर लाखेचे दोन हात देऊन लाकूड बंद करेन, आणि बाकी तशीच ठेवेन. हे काम एका रविवारचं आहे.

तर या महिन्यात अर्थिंग, जॅक, पॉट, तारा आणि नेक. नंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पातळ तारेला 1.6 मिमी आणि जाड तारेला 2 मिमीच्या आसपास आणा. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरा असेल तर पुढे. पावसाळाभर वाजवा, शक्य असेल तर काकांसमोर. दसऱ्यानंतरही रंग बदलावासा वाटला, तर पिकअपच्या खोबणीचा आणि मागच्या आद्याक्षरांचा फोटो पाठवा. लाकूड कोणतं आहे ते बघून चपडा किती आणायचा ते सांगतो.